ओडिसियसला नडलं ते त्याचं नाव

गुहेतून सुटका झालेली आहे. जहाज पाण्यात आहे आणि सोबती जिवाच्या आकांताने वल्ही मारतायत. किनाऱ्यावर एकुलता एक डोळा फुटलेला राक्षस आवाजाच्या रोखाने चाचपडतोय. जहाज हाकेच्या अंतरावर असताना म्होरक्याने त्याला एकदा चिडवून झालंय. त्यावर राक्षसाने डोंगराचा सुळका उपटून समुद्रात भिरकावला, त्याच्या लाटेने जहाज परत किनाऱ्याकडे लोटलं गेलं आणि लांब काठीने रेटून ते कसंबसं बाहेर काढावं लागलं. आता आधीच्या दुप्पट अंतर पडलंय. आणि म्होरक्या पुन्हा ओरडायला उभा राहतो.

सोबती चहूबाजूंनी त्याला आवरू बघतात. कशाला त्या रानटी माणसाला डिवचायचं, मघाशीच मरता मरता वाचलो, असं परोपरीने सांगतात. तो ऐकत नाही. कुणी विचारलं, तुझा डोळा कुणी फोडला, तर सांग: नगरं लुटणाऱ्या ओडिसियसने, लाएर्टीसच्या मुलाने, ज्याचं घर इथाका बेटावर आहे.

स्वतःचं नाव, वडलांचं नाव आणि गाव, तिन्ही एका दमात सांगून होतात. होमरच्या ‘ओडिसी’ या बारा हजारांहून जास्त ओळींच्या महाकाव्यात यापेक्षा महागात पडलेलं वाक्य मला दुसरं सापडत नाही. ग्रीकांचं ट्रॉय शहराशी युद्ध दहा वर्षं चाललं, आणि ते संपल्यावर घरी पोचायला ओडिसियसला आणखी दहा वर्षं लागली. बारा जहाजं घेऊन निघालेला हा माणूस एकटा आणि तोही दुसऱ्यांच्या जहाजातून घरी आला. या सगळ्याची मुळं बरीचशी त्या एका आरोळीत आहेत.

मराठीत अशा गोष्टीला एक चपखल क्रियापद आहे: नडणं. ‘त्याला त्याचा स्वभाव नडला’ असं आपण म्हणतो तेव्हा तो माणूस वाईट होता असं आपल्याला म्हणायचं नसतं. बऱ्याचदा तो चांगला, कर्तबगार असतो, आणि ज्या गुणाने त्याला मोठं केलं तोच गुण एखाद्या चुकीच्या वेळी आडवा येतो. ग्रीक महाकाव्यांतले नायक समजून घ्यायला हे क्रियापद फार उपयोगी पडतं, कारण तिथलं संकट पुष्कळदा नायकाच्या आतून येतं. हे ‘आतून येणं’ होमर नेमकं कसं दाखवतो, ते आपण जवळून बघू.

त्यासाठी गुहेत परत जावं लागेल.

ओडिसियस बारा माणसं निवडून पॉलिफेमस या सायक्लॉप्सच्या, म्हणजे एकडोळ्या राक्षसाच्या, गुहेत शिरतो तेव्हा मालक घरी नसतो, मेंढरं चारायला गेलेला असतो. आत चीज भरलेल्या टोपल्या आहेत, कोकरं आणि करडं वयाप्रमाणे वेगवेगळ्या आवारांत कोंडलेली आहेत, दुधाची भांडी काठोकाठ भरली आहेत. सोबती म्हणतात, चीज उचलू, कोकरं हाकलत जहाजावर नेऊ आणि निघू. ओडिसियस नकार देतो. त्याला या माणसाला बघायचं असतं, आणि पाहुणा म्हणून तो काही भेट देतो का तेही बघायचं असतं.

इथे ग्रीकांची एक रीत माहीत असायला हवी. दारी आलेल्या परक्याला आधी खाऊ घालायचं, मग नावगाव विचारायचं, आणि निरोप देताना भेटवस्तू द्यायची. हा धर्मच होता, त्याचा रक्षणकर्ता खुद्द देवांचा राजा झ्यूस. त्यामुळे ओडिसियस नुसत्या हावेपोटी थांबला असं म्हणता येत नाही. त्यात कुतूहल आहे, मानाची अपेक्षा आहे, आपण कुठेही गेलो तरी निभावून नेऊ हा विश्वास आहे. हेच गुण घेऊन त्याने ट्रॉय जिंकून देणाऱ्या लाकडी घोड्याची मोहीम पार पाडली होती. गुहेतला हा प्रसंग तो पुढे फिएशियन लोकांच्या दरबारात स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि सोबत्यांच्या सल्ल्याबद्दल कबूल करतो: ऐकलं असतं तर फार बरं झालं असतं.

पॉलिफेमस येतो, दाराला शिळा लावतो आणि पाहुण्यांपैकी दोघांना खातो. रात्री तो झोपल्यावर ओडिसियस तलवार काढतो. वार करायची जागाही हाताने चाचपून ठरवतो. आणि थांबतो. कारण ती शिळा चार चाकांच्या बावीस गाड्यांनाही हलली नसती असं काव्यात म्हटलंय. राक्षस मेला तर आतले सगळे तिथेच कुजून मरणार. हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. रागाने पेटलेला माणूस, हातात तलवार, समोर झोपलेला शत्रू, आणि तरी तो हात आवरतो. म्हणजे संयम त्याला जमत नाही असं नाही. जीव धोक्यात असताना त्याच्याइतका संयमी माणूस या काव्यात दुसरा नाही.

सकाळी आणखी दोघे जातात, संध्याकाळी आणखी दोघे. मग ओडिसियस राक्षसाला तीनदा कडक दारू पाजतो आणि आपलं नाव सांगतो: ‘ऊटिस’, म्हणजे ‘कुणीनाही’. तो झोपल्यावर ऑलिव्हच्या लाकडाचा तापवलेला सोट त्याच्या डोळ्यात खुपसतात. आरडाओरडा ऐकून शेजारचे सायक्लॉप्स धावत येऊन बाहेरून विचारतात, तुला कुणी मारतंय का? तो आतून ओरडतो, ‘कुणीनाही’ मला मारतोय! कुणी नाही ना, मग देवाची प्रार्थना कर, असं म्हणून ते निघून जातात. मराठीत ही कोटी जशीच्या तशी उतरते याचा मला फार आनंद होतो. मूळ ग्रीकमध्ये तिला आणखी एक पदर आहे: शेजाऱ्यांच्या प्रश्नात येणारे ‘मे टिस’ हे शब्द ‘मेटिस’, म्हणजे चातुर्य, या शब्दासारखे ऐकू येतात. जिथे तिथे ओडिसियसची ओळख याच शब्दाने होते.

दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या पोटाखाली लपून सगळे बाहेर पडतात. इथपर्यंत योजनेत कुठेही चूक नाही. ती होते सुटल्यावर.

का होते? होमरच्या जगात योद्ध्याची खरी कमाई म्हणजे ‘क्लेओस’. आपण त्याला कीर्ती म्हणू, पण ग्रीक शब्दाचं मूळ ‘ऐकणं’ या क्रियेत आहे. लोकांच्या कानावर पडलेलं नाव म्हणजे क्लेओस. मग विचार करा: आयुष्यातला सगळ्यात अवघड पराक्रम या माणसाने ‘कुणीनाही’ या नावाने केला. जगायचं तर नाव पुसावं लागलं. तो पराक्रम कुणाच्या खाती जमा होणार? ज्याचा सगळा जन्म नावासाठी गेला, त्याला हे सोसणं तलवार म्यान करण्यापेक्षा कठीण होतं. म्हणून तो ओरडला. त्याला निव्वळ गर्व म्हणून मोकळं झालं तर प्रसंगाचा निम्मा अर्थ हातातून निसटतो.

आणि होमर त्या नावाचं पुढे काय करतो ते बघा. नाव कळेपर्यंत पॉलिफेमस शाप देऊच शकत नव्हता. ‘कुणीनाही’ला कसला शाप देणार? नाव ऐकल्यावर त्याला आठवतं, एका भविष्यवेत्त्याने त्याला पूर्वीच सांगितलं होतं की ओडिसियसच्या हातून तुझी दृष्टी जाईल. तो म्हणतो, परत ये, माझे वडील पोसायडन माझा डोळा बरा करतील. यावर ओडिसियस आणखी एक पाऊल पुढे जातो: पोसायडनसुद्धा तुझा डोळा बरा करू शकणार नाही! समुद्रातून घरी जायचं आहे आणि समुद्राच्या देवालाच त्याने मध्ये ओढलं.

मग पॉलिफेमस हात वर करून प्रार्थना करतो. नगरं लुटणाऱ्या ओडिसियसला, लाएर्टीसच्या मुलाला, इथाकात घर असलेल्याला घरी पोचू देऊ नकोस. ओडिसियसने फुशारकीने फेकलेले शब्द राक्षस जवळजवळ तसेच्या तसे उचलून शापात घालतो. पोचणं नशिबातच असेल, तर उशिरा पोचू दे, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरीही संकटच वाट बघत असू दे. यातलं प्रत्येक कलम पुढे खरं होतं. काव्याचा उरलेला आराखडाच त्या चार ओळींत आहे.

पण एवढ्याने सगळा दोष पोसायडनच्या रागावर ढकलता येत नाही, कारण पुढची मोठी फजिती देवाच्या मदतीशिवाय घडते. वाऱ्यांचा रखवालदार एओलस ओडिसियसला सगळे उलटे वारे चामड्याच्या पिशवीत बांधून देतो आणि फक्त पश्चिमेचा अनुकूल वारा मोकळा सोडतो. नऊ दिवस नऊ रात्री जहाज सरळ चाललेलं असतं. दहाव्या दिवशी इथाका दिसतं. इतकं जवळ की किनाऱ्यावर शेकोट्या सांभाळणारी माणसं दिसतायत. आणि तेवढ्यात ओडिसियसला झोप लागते, कारण नऊ दिवस त्याने सुकाणू दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलंच नाही. सोबत्यांना वाटतं पिशवीत सोनंचांदी आहे, हा एकटाच घेऊन चाललाय. ते गाठ सोडतात. हातातोंडाशी आलेला घास गेला.

सोबत्यांची हाव आणि संशय तर दिसतोच. पण पिशवीत काय आहे हे त्याने त्यांना सांगितल्याचं काव्यात कुठेही नाही. सुकाणू कुणाला द्यायचं नाही, माहिती कुणाला द्यायची नाही, सगळं आपल्याच डोक्यात आणि आपल्याच हातात ठेवायचं. शत्रूपुढे हा स्वभाव ढाल असतो. आपल्याच माणसांत राहताना त्याचाच संशय होतो. ज्यांनी घरात किंवा कामाच्या जागी असा एकहाती कारभार चालवणारा कर्तबगार माणूस पाहिलाय, त्यांना ही नऊ दिवसांची जाग आणि त्यानंतरची झोप वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

यानंतर लेस्ट्रिगोनियन नावाच्या नरभक्षकांच्या बंदरात बारापैकी अकरा जहाजं बुडतात. ओडिसियसने स्वतःचं जहाज तेवढं बंदराबाहेर बांधलेलं असतं. होमर यावर एक शब्दही बोलत नाही.

टीका येते ती काव्यातल्याच एका पात्राकडून. सर्सी या जादूगारणीच्या घरी चला असं ओडिसियस उरलेल्यांना सांगतो, तेव्हा त्याचा नातेवाईक युरिलोकस सगळ्यांसमोर म्हणतो: सायक्लॉप्सच्या गुहेत आपली माणसं मेली ती याच्याच ‘अतस्थालिया’मुळे. ओडिसियसला इतका राग येतो की जवळचा नातलग असूनही त्याचं डोकं उडवावं असं त्याच्या मनात येतं. इतर लोक मध्ये पडतात.

हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. पुढे काय होईल याची सूचना मिळालेली असताना, कुणी सावध करत असताना, तरीही मर्यादा ओलांडणं म्हणजे अतस्थालिया. नुसती चूक नव्हे. सांगूनही न ऐकणं हा तिचा गाभा. ‘ओडिसी’च्या पहिल्या दहा ओळींतच कवी म्हणतो की सोबती मेले ते स्वतःच्या अतस्थालियामुळे, सूर्यदेवाची गुरं खाल्ल्यामुळे. थोड्याच ओळींनंतर झ्यूस देवांच्या सभेत तक्रार करतो: माणसं उठसूट आम्हाला बोल लावतात, पण नशिबात असतं त्याच्यापलीकडचं दुःख ती स्वतःच्या अतस्थालियाने ओढवून घेतात. आणि तोच शब्द युरिलोकस थेट नायकाच्या तोंडावर मारतो. युरिलोकस खोटं बोलतोय असं कवी कुठेच म्हणत नाही. पुढे हाच युरिलोकस भुकेल्या सोबत्यांना ती निषिद्ध गुरं मारायला चिथावतो, ओडिसियस झोपलेला असतानाच, आणि सगळे मरतात. दोघांचेही दोष खरे आहेत आणि कवी दोन्ही शेजारी शेजारी राहू देतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. ग्रीक नायकांबद्दल वाचताना ‘हमार्शिया’ हा शब्द हटकून भेटतो आणि त्याचा अर्थ ‘नायकाच्या स्वभावातला घातक दोष’ असा दिला जातो. हा शब्द ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी ४ थ्या शतकात काव्यशास्त्रावर लिहिताना वापरला, होमरनंतर काही शतकांनी, आणि तो शोकनाटकांबद्दल बोलत होता. शब्दाचं मूळ नेम चुकण्यात आहे. भाला फेकला, लागला नाही, तरी हेच क्रियापद. म्हणून अनेक अभ्यासक त्याचा अर्थ ‘दोष’ असा न घेता ‘चूक’ असा घेतात. ‘ह्युब्रिस’चंही तसंच. आज आपण तो अति गर्व या अर्थाने वापरतो, पण ग्रीकांसाठी ती मुख्यतः दुसऱ्याचा अपमान करणारी, पायमल्ली करणारी कृती होती. अथेन्समध्ये तो कायद्याने गुन्हा होता. ‘ओडिसी’त हा शब्द प्रामुख्याने ओडिसियसची बायको पेनेलोपी हिला मागणी घालत तिच्या घरात घुसून बसलेल्या मागणीकऱ्यांच्या वागण्याला चिकटतो. होमर वाचताना त्याचेच शब्द धरले तर तो जास्त कळतो. अतस्थालिया हा एक, आणि दुसरा ‘आते’: बुद्धी झाकोळून जाणं. आपण ज्याला ‘विनाशकाले विपरीत बुद्धी’ म्हणतो ते जवळपास हेच.

या दोन्ही शब्दांचा पूर्ण उजेड ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ‘इलियड’मध्ये पडतो. त्या काव्याचा पहिलाच शब्द ‘क्रोध’ आहे. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन भरसभेत त्यांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस याच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रिसेइस काढून घेतो. अकिलीस तलवार उपसायला जातो, देवी अथेना मागून त्याचे केस धरून त्याला थांबवते, आणि तो युद्धातून अंग काढून घेतो. इथपर्यंत वाचकाची सहानुभूती त्याच्याकडे असते. माझी तर पूर्ण असते. अपमान खरा आहे, अन्याय खरा आहे.

काटा फिरतो तो नवव्या सर्गात. ग्रीक सैन्य मार खातंय, अगामेम्नॉन नमला आहे. ब्रिसेइस परत, शिवाय १० टॅलंट सोनं, १२ शर्यती जिंकलेले घोडे आणि बरंच काही द्यायला तो तयार आहे. ओडिसियस, एजॅक्स आणि अकिलीसला लहानपणी मांडीवर भरवलेला म्हातारा फिनिक्स असे तिघं विनवायला येतात. फिनिक्स त्याला सांगतो की देवसुद्धा नमतात. विनवण्या या झ्यूसच्या मुली आहेत, लंगड्या, सुरकुतलेल्या, आणि ‘आते’ पुढे धावत असते तेव्हा त्या मागून येऊन जखमा भरतात. जो त्यांना झिडकारतो, त्याच्या मागे त्या ‘आते’ला लावून देतात. अकिलीस झिडकारतो. एजॅक्सच्या साध्यासरळ, रागावलेल्या बोलण्याने तो जरासा हलतो, पण राग आवरत नाही असंच सांगतो. न्याय्य राग या ठिकाणी स्वभावदोष होतो.

पुढचं सगळं त्यातून एकेक करून निघतं. सोबत्यांचे हाल न पाहवून त्याचा जिवलग पॅट्रोक्लस त्याचं चिलखत मागतो. अकिलीस देतो, पण बजावतो: शत्रूला जहाजांपासून हटव आणि मागे फीर, ट्रॉयकडे जाऊ नकोस. पॅट्रोक्लस जिंकत जातो, भान विसरतो, तटापर्यंत जातो, आणि मरतो. तेव्हा अकिलीस आईला जे सांगतो ते रागाबद्दल मी वाचलेलं सगळ्यात खरं वाक्य आहे: राग मधापेक्षा गोड असतो आणि माणसाच्या छातीत धुरासारखा वाढत जातो. राग कडू असता तर माणसाने तो कधीच थुंकून टाकला असता.

पण ‘इलियड’मध्ये स्वतःचा दोष सगळ्यात लख्ख दिसतो तो ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला. अकिलीस परत युद्धात उतरणार हे कळल्यावर हेक्टरचा सोबती पॉलिडामस रात्रीच सल्ला देतो की तटाच्या आत जाऊ या. हेक्टर त्या दिवशी जिंकलेला असतो. तो सल्ला धुडकावतो, आणि सगळे ट्रोजन त्याच्याच बाजूने ओरडतात. दुसऱ्या दिवशी नदी प्रेतांनी तुंबते. उरलेले शहरात शिरतात आणि हेक्टर एकटा दाराबाहेर उभा राहतो. वर तटावरून म्हातारे आईवडील हाका मारतायत, आत ये. दार उघडं आहे. काही पावलांचं अंतर आहे. तो स्वतःशी बोलतो: आत गेलो तर पॉलिडामसच पहिला बोल लावेल. माझ्या अतस्थालियाने मी लोकांचा नाश केला. आता ट्रॉयच्या पुरुषांना आणि बायकांना तोंड कसं दाखवू? कुणीतरी हलका माणूस म्हणेल, स्वतःच्या ताकदीवर विसंबून हेक्टरने सैन्य बुडवलं.

चूक त्याला पूर्ण कळलेली आहे, तिचं नावही तो अचूक घेतो. तरीही ती कळणं त्याला वाचवत नाही, उलट तीच लाज त्याला दाराबाहेर रोखून धरते. लोक काय म्हणतील या जाणिवेने आयुष्यभर त्याला पहिल्या रांगेत लढायला लावलं, त्याच जाणिवेने आज त्याला आत जाऊ दिलं नाही. गुण आणि दोष एकाच कापडाचे, असं मी वर म्हणत होतो ते हेच.

आपल्या वाचकाला इथे महाभारतातलं महाप्रस्थान आठवेल. हिमालय चढताना एकेक पांडव पडत जातो आणि युधिष्ठिर प्रत्येकाचा दोष सांगतो: सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा. तिथे हिशोब शेवटी, चालता चालता मांडला जातो. होमर असा हिशोब मांडून देत नाही. दोष कृतीतून कृतीत उतरत जातो आणि तो आपणच ओळखायचा.

मग देवांचं काय? अथेना केस ओढते, अपोलो पॅट्रोक्लसला धक्का देतो, तर माणसाची जबाबदारी उरते कुठे? अगामेम्नॉनने याचं उत्तर नकळत दिलंय. समेट करताना तो म्हणतो, दोष माझा नाही. झ्यूसने, नियतीने आणि एरिनी या सूडाच्या देवतेने माझ्या मनात आते घातली. आणि त्याच भाषणात पुढे म्हणतो, पण बुद्धी फिरली ती माझी, म्हणून भरपाई मी देतो. होमरसाठी दोन्ही एकाच वेळी खरं असतं. देवाने ढकललं, आणि पाय मात्र माझाच घसरला.

स्वभावाला औषध नाही असं आपण म्हणतो. अकिलीस आणि हेक्टर यांच्याबाबत ते बरंचसं खरं ठरतं. ओडिसियसच्या गोष्टीत मात्र कवीने फार हळू, फार बारकाईने दुसरी शक्यता मांडली आहे.

सगळं गमावून, कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर सात वर्षं अडकून, तो फिएशियन लोकांच्या किनाऱ्याला लागतो तेव्हा आपलं नाव सांगत नाही. राणी विचारते, तो इतर सगळं सांगतो आणि नाव टाळतो. दुसऱ्या दिवशी दरबारात आंधळा गवई ट्रॉयच्या युद्धाचं, त्याच्याच पराक्रमाचं गाणं गातो. ज्या क्लेओससाठी त्याने जहाज पणाला लावलं होतं ते क्लेओस समोर उभं आहे. तो जांभळा झगा डोक्यावरून ओढून रडतो. राजा शेवटी स्पष्टच विचारतो तेव्हा कुठे नाव बाहेर येतं.

इथाकात तो भिकारी होऊन शिरतो. स्वतःच्याच घरात पुन्हा ‘कुणीनाही’. म्हातारा कुत्रा आर्गोस त्याला ओळखून शेपूट हलवतो, आणि तो कुणाला दिसू न देता डोळा पुसतो. मागणीकऱ्यांपैकी अँटिनूस त्याच्या खांद्यावर पाय ठेवायची चौकी फेकून मारतो. ओडिसियस खडकासारखा उभा राहतो आणि नुसती मान हलवतो. शेवटच्या रात्री, मागणीकऱ्यांशी संग करणाऱ्या दासी हसत बाहेर जाताना दिसतात, तेव्हा पिल्लांवर उभ्या राहिलेल्या कुत्रीसारखं त्याचं काळीज आत भुंकायला लागतं. तो छातीवर हात मारून काळजाला दटावतो: सोस. त्या सायक्लॉप्सने सोबती खाल्ले तेव्हा याहून वाईट सोसलं होतंस. सोसायची वेळ आल्यावर त्याला जी गुहा आठवते, ती हीच.

१०८ मागणीकरी मारले जातात. म्हातारी दाई युरिक्लिया ती प्रेतं बघून आनंदाने आरोळी ठोकणार, तेवढ्यात ओडिसियस तिला अडवतो: मनातल्या मनात आनंद कर, मेलेल्यांवर फुशारकी मारणं पाप आहे. हेच तो जहाजावर विसरला होता. पण लगेच पुढे तो तिला विचारतो, कोणत्या दासी दोषी आहेत ते सांग. पन्नासांतल्या बारा जणींना आधी ती प्रेतं उचलायला लावलं जातं, मग फाशी. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही, एवढंच कवी लिहितो. ही ओळ वाचून मी दर वेळी पुस्तक मिटून थोडा वेळ बसतो. अपमान न विसरणारा माणूस बदललेला नाही.

शेवटच्या सर्गात मेलेल्यांचे नातेवाईक चाल करून येतात. अथेना लढाई थांबवायला सांगते, ते लोक घाबरून हत्यारं टाकून गावाकडे पळतात. आणि ओडिसियस पुन्हा भयंकर ओरडतो, गरुडासारखा त्यांच्या मागे झेपावतो. वरून झ्यूसची वीज समोर येऊन पडते. अथेना त्याला सांगते, थांब.

तो ऐकतो, आणि त्याला मनातून बरं वाटतं.